सुक्रे, बोलिव्हिया: उयुनीला जाताय तर इथे चार दिवस का काढावेत

रानवारा

नमस्कार मंडळी,

दक्षिण अमेरिकेचा विषय निघाला की आपली गाडी माचू पिचू, रिओ आणि फार तर इग्वासूच्या धबधब्यापर्यंत जाऊन थांबते. बोलिव्हियाला जाणारेसुद्धा उयुनीच्या मिठाच्या वाळवंटात उड्या मारतानाचे फोटो काढतात आणि परततात. तिथून एका रात्रीच्या बसवर सुक्रे आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या मुक्काम साओ पाउलोला, त्यामुळे मला तिथे पुन्हा पुन्हा जाता आलं. मागच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

सुक्रे ही बोलिव्हियाची राजधानी आहे. ला पाझ नव्हे. २००९ च्या राज्यघटनेचं सहावं कलम तसं स्वच्छ सांगतं. प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्ष, संसद, मंत्रालयं सगळी ला पाझला, आणि सुक्रेच्या वाट्याला आलंय ते सर्वोच्च न्यायालय. कागदावरची राजधानी म्हणून कोणी हिणवलं तर इथल्या माणसाला राग येतो, पण खरं सांगायचं तर हे शहर पहिल्यापासून कागदावरच जगलंय. वकील, दफ्तरं, ठराव, वाद. इथे येऊन पाहायचं काय, तर तेच.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी वसवलं तेव्हा नाव होतं ला प्लाता. १५५९ साली इथे राजाचं उच्च न्यायालय, म्हणजे औदिएन्सिया, स्थापन झालं. आजचा बोलिव्हिया, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाचा मोठा भाग एवढ्या मुलखाचे दावे या एका गावात चालायचे. १६२४ मध्ये जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी विद्यापीठ काढलं. त्यातून बाहेर पडणाऱ्या कायदेपंडितांना 'चार्कासचे डॉक्टर' म्हणत (चार्कास हे या मुलखाचं तेव्हाचं नाव), आणि वादात त्यांचा हात धरणारा खंडात कोणी नाही अशी त्यांची ख्याती होती. ब्युनोस आयरेसच्या १८१० च्या क्रांतीतले मारियानो मोरेनो आणि हुआन होसे कास्तेली दोघेही इथेच शिकले.

१८०८ साली नेपोलियनने स्पेनच्या राजाला कैद केलं. त्यावर इथल्या डॉक्टरांनी जो युक्तिवाद लढवला तो ऐकण्यासारखा आहे. आमची निष्ठा राजाशी, स्पेन देशाशी नाही. राजा कैदेत आहे. मग सत्ता कोणाकडे? जिथून ती राजाकडे गेली त्या लोकांकडे परत. दोन विधानं आणि एक निष्कर्ष, तर्कशास्त्राच्या परीक्षेत द्यावा तसा. २५ मे १८०९ ला हाइमे सुदान्येस नावाच्या वकिलाला अटक झाली, गाव रस्त्यावर उतरलं, चर्चच्या घंटा घणघणल्या आणि औदिएन्सियाच्या अध्यक्षालाच पायउतार व्हावं लागलं. गावातल्या मुख्य चौकाचं नाव आजही '२५ मे चौक' आहे.

त्याच चौकात 'कासा दे ला लिबेर्ताद' आहे. एकच गोष्ट पाहायची असेल तर ही पाहा. आतलं मुख्य दालन आधी जेझुइटांचं प्रार्थनागृह होतं, पुढे विद्यापीठाच्या तोंडी परीक्षा तिथे व्हायला लागल्या. उमेदवाराने उभं राहून प्रबंधाचा बचाव करायचा. ६ ऑगस्ट १८२५ ला त्याच दालनात देशाच्या स्वातंत्र्याचा ठराव झाला. तारीख मुद्दाम निवडलेली, आदल्या वर्षी त्याच दिवशी हुनीनची लढाई जिंकली होती म्हणून. कोरीव लाकडी आसनं, सोनेरी मुलामा, समोर मुक्तिसेनानी सिमोन बोलिव्हारचं चित्र. मार्गदर्शक बाई स्पॅनिशमध्ये बोलत असतात, पण दोन आठवड्यांची स्पॅनिश असली तरी निभावतं. (सुक्रेतली स्पॅनिश संथ आणि स्पष्ट असते. म्हणून भाषा शिकायला येणारे परदेशी विद्यार्थी इथे भरपूर, शिकवण्याही स्वस्त.)

त्याच इमारतीत हुआना आसुर्दुईच्या अस्थींचा कलश आहे. लगेच झाशीची राणी म्हणू नका, मीही आधी तेच म्हटलं होतं. हिची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने अंगावर येते. जन्म १७८० चा. नवरा मानुएल पादिया आणि ही, दोघांनी मिळून डोंगरात वर्षानुवर्षं गनिमी काव्याने लढाई केली, केचुआ बोलणारी माणसं बरोबर घेऊन. चार मुलं तापाने गेली. १८१६ मध्ये नवरा मारला गेला, त्याचं शिर भाल्यावर लावलं. स्वातंत्र्य आलं तेव्हा बोलिव्हार स्वतः तिला भेटायला गेला, कर्नलचा हुद्दा आणि निवृत्तिवेतन दिलं. ते वेतन पुढे बंद पडलं. २५ मे १८६२ ला, म्हणजे नेमक्या उठावाच्या वर्धापनदिनी, ती याच गावात दारिद्र्यात गेली आणि सामायिक कबरीत पुरली गेली. अस्थी बाहेर काढून मानाने ठेवायला पुढे शंभर वर्षं लागली.

बाकी पांढऱ्या भिंती, कौलारू छपरं, चर्चं हे सगळं फोटोंत दिसतंच. १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. कोणी गेलं असेल तर लिहा, जाणार असेल तर विचारा.

---

अर्धवटराव

उत्तम धागा. विमान कुठे उतरतं?

---

रानवारा

@अर्धवटराव, साओ पाउलोहून सांताक्रूझ, तिथून छोट्या विमानाने सुक्रे. विमानतळ आल्कांतारीला, गावापासून तीसेक किलोमीटरवर.

---

अर्धवटराव

सांताक्रूझला उतरायचं तर मी विरार लोकल धरतो.

---

उनाडगाव

छान लिहिलंय. मी उयुनी-पोतोसी (चांदीच्या खाणींचं गाव)-सुक्रे असा उलटा गेलो होतो, त्यामुळे व्यवहाराच्या चार गोष्टी माझ्याकडून.

पहिलं उंचीचं. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला आहे, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरच्या वर. मुंबईच्या माणसाने थेट तिथे उतरणं म्हणजे पहिले दोन दिवस डोकं धरून बसणं. सांताक्रूझ जेमतेम ४०० मीटरवर, सुक्रे २,८०० च्या आसपास. म्हणून रानवारा सांगतात तसं आधी सांताक्रूझ, मग सुक्रे, तिथे शरीर रुळू द्यायचं आणि मग पोतोसी-उयुनी. सुक्रेतही पहिल्या दिवशी रेकोलेता मठाचा चढ चढताना धाप लागते. हलकं जेवण आणि भरपूर पाणी, बाकी काही नाही.

दुसरं, पिवळ्या तापाची लस. बोलिव्हिया त्या यादीत आहे. परतताना भारतात उतरल्यावर प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, गल्लीतल्या डॉक्टरकडे नाही. तारीख मिळायला वेळ लागतो, तिकिटाबरोबरच ते उरकून टाका.

तिसरं, कोकाचा पाला. तिथे बाजारात पोतीच्या पोती उघड विकतात, हॉटेलात चहा देतात, उंचीचा त्रास कमी होतो म्हणतात. तिथे प्यायचा आणि तिथेच सोडायचा. एखादी चहाची पुडी सॅकच्या कप्प्यात राहिली तर आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते.

पैसे: डॉलरच्या करकरीत नोटा न्या. गेल्या काही वर्षांत तिथे डॉलरची टंचाई होती, सरकारी दर एक आणि बाजारातला दर भलताच. घडी पडलेली, कोपरा फाटलेली नोट कोणी हातात धरत नाही.

---

चिंचपेटी

वाचतेय. नेहमीचा प्रश्न: शाकाहारी माणूस जगेल का? सासूबाई बरोबर असतील, त्या अंडंही खात नाहीत.

---

रानवारा

@चिंचपेटी, जगेल, पण विचारत विचारत.

सुक्रेचं नाव चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजसाठी, आणि चॉकलेटसाठी आहे. चॉकलेट सासूबाईंना चालेल.

सकाळी दहाच्या सुमाराला सगळं गाव साल्तेन्या खातं. करंजीच्या आकाराची, भट्टीत भाजलेली, आत रस्सा. ती उभी धरायची, वरचं टोक चावायचं, आधी रस ओढून घ्यायचा आणि मग खायची. आडवी धरलीत तर कोपरापर्यंत ओघळ. दुपारी बाराला जाऊन मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील, ती सकाळचीच वस्तू. भाज्यांची साल्तेन्या मिळते, पण एक सांगते: रस्सा आत भरता यावा म्हणून तो जिलेटिन घालून आधी घट्ट करतात. भट्टीत तो पुन्हा पातळ होतो. त्यामुळे भाज्यांची असली तरी जिलेटिनचं विचारून घ्या.

सगळ्यात घरचं वाटेल असं म्हणजे सोपा दे मानी, शेंगदाण्याचं सूप. कच्चे दाणे वाटून बराच वेळ शिजवायचे, वरून तळलेल्या बटाट्याच्या काड्या आणि पार्सली. पहिला घोट घेतला की थेट उपासाच्या दिवशीची दाण्याची आमटी आठवते. बहुतेक ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे 'सिन कार्ने' एवढं म्हणून भागत नाही, पाणी कशाचं तेही विचारायचं. शाकाहारी खानावळी आता चौकाच्या आसपास आहेत, तिथे निर्धास्त प्या.

उमिंता नक्की खा. ताजा मका वाटून, चीज घालून, मक्याच्याच पानात गुंडाळून उकडलेला किंवा भाजलेला. मध्यवर्ती बाजारात फळांच्या रसवाल्या बायकांची रांगच आहे. पेला संपत आला की न मागता उरलेला रस वर ओततात, त्याला यापा म्हणतात. ज्या बाईकडे एकदा बसलात तिच्याकडेच दुसऱ्या दिवशी जायचं, नाहीतर समोरून जाताना नजर चुकवावी लागते. आणि टेबलावर याख्वा असते: टोमॅटो, लोकोतो मिरची आणि किर्किन्या नावाचा उग्र वासाचा पाला, दगडावर वाटलेला. सासूबाईंना ती बाटलीत भरून न्यावीशी वाटेल.

---

मुळशीकर

अवांतर: भुईमुगाचं मूळ गावच ते. दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाचा पट्टा, तिथल्या दोन रानटी जातींच्या संकरातून आपला शेंगदाणा झाला. बटाटा अँडीजचा, मिरचीच्या कितीतरी रानटी जाती बोलिव्हियात, साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेचा आणि राजगिऱ्याचा सख्खा भाऊ तिथे किविचा म्हणून खातात. आषाढीच्या ताटात वरी सोडली तर आपलं म्हणण्यासारखं राहतं काय?

---

चिंचपेटी

@मुळशीकर, हे सासूबाईंना सांगून बघते. _/\_

---

कुशावती

सुंदर धागा. आमच्या गोव्याचा एक धागा यात आहे, तो कोणी ओढला नाही म्हणून मी ओढते.

त्या विद्यापीठाचं पूर्ण नाव सान फ्रान्सिस्को हाविएर विद्यापीठ. म्हणजे आमचा 'गोंयचो सायब', सेंट फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बसिलिकेत आहे. त्याला संतपद मिळालं १६२२ साली आणि हे विद्यापीठ १६२४ चं. नव्या संताचा जेझुइटांमध्ये नुसता जल्लोष चालला होता, त्यात मांडवीकाठी आणि अँडीजच्या कुशीत एकाच वेळी त्याचं नाव गाजत होतं. जो माणूस गोवा, मलाक्का, जपान करत पूर्वेला मेला, त्याचं नाव पश्चिमेच्या टोकाला वकील घडवणाऱ्या शाळेला.

आणि चांदीचं विसरू नका. १५८० ते १६४० स्पेन-पोर्तुगालचा राजा एकच होता. पोतोसीची चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपात लिस्बनवरून गोव्याला येत होती, मिरी आणि कापड घ्यायला युरोपियनांकडे दुसरं होतं काय द्यायला? सुरतेच्या टांकसाळीत तीच नाणी वितळवून मुघल रुपये पाडत. शिवाजी महाराजांनी सुरतेतून जी चांदी नेली तिच्यातली काही पोतोसीच्या डोंगरातली असणार, असं म्हणायला पूर्ण वाव आहे.

---

टेकडीवरचा

लेख आवडला, पण थोडी टाचणी लावतो.

'तर्काने स्वातंत्र्य आणणारे डॉक्टर' हे चित्र गोंडस आहे. २५ मे १८०९ चा उठाव स्पेनपासून स्वतंत्र होण्यासाठी होता का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. घोषणा होत्या राजा फर्नांदोच्या नावाने. रिओत बसलेली पोर्तुगालची युवराज्ञी कार्लोता आपल्याला गिळंकृत करील ही भीती त्यामागे होती, आणि औदिएन्सियाचे न्यायाधीश विरुद्ध त्यांचाच अध्यक्ष असं जुनं भांडण होतं. ला पाझवाले म्हणतात की उघड स्वराज्याची भाषा आमच्याकडे, १६ जुलैला, पेद्रो दोमिंगो मुरियोच्या उठावाच्या वेळी झाली. स्वातंत्र्याची 'पहिली आरोळी' कोणाची हा त्यांचा घरचा वाद आहे, पर्यटन खात्याच्या पाटीवर विश्वास ठेवू नये.

दुसरं. १८२५ च्या त्या दालनात बसले कोण होते? बहुतेक सगळे इथल्याच विद्यापीठातून शिकलेले क्रियोल, म्हणजे अमेरिकेत जन्मलेले स्पॅनिश वंशाचे, वकील. पंधरा वर्षं डोंगरात लढलेले त्यात बोटांवर मोजण्याइतके. हुआना आसुर्दुई नव्हतीच. त्या सभेतला मोठा कारभारी कासिमिरो ओलान्येता हा काल-परवापर्यंत राजनिष्ठ सेनापतीचा, म्हणजे स्वतःच्या काकाचा, सचिव होता. वारा फिरलेला पाहून बोलिव्हारचा सेनानी सुक्रे (शहराचं नाव पुढे याच्यावरूनच पडलं) याच्या गोटात दाखल. या मंडळींना तिकडे 'दोन तोंडांचे' असं उगाच म्हणत नाहीत.

आणि ती पांढरी घरं बांधली कोणी? पोतोसीत १५४५ ला चांदी लागली. १५७० नंतर व्हाइसरॉय तोलेदोने मिता लावली, म्हणजे सोळा प्रांतांतल्या कर्त्या पुरुषांपैकी दर वर्षी सातवा हिस्सा खाणीत वेठीला. पोतोसी चार हजार मीटरवर, थंड, उजाड. खाणमालक आणि अधिकारी हवा चांगली म्हणून खाली ला प्लाताला वाडे बांधून राहायचे. सुक्रेचा पांढरा रंग पाहताना वरचा तो डोंगर डोळ्यांसमोर असू द्या.

---

रानवारा

@टेकडीवरचा, टाचणी मान्य. 'पहिली आरोळी' हे शब्द मी मुद्दामच लिहिले नव्हते. :)

पण ओलान्येताबद्दलच मला जास्त कुतूहल वाटतं. तत्त्वनिष्ठ माणसांनी हा देश काढलेला नाही हे उघड आहे. लिमा आणि ब्युनोस आयरेस दोघांनाही हा मुलूख हवा होता, खुद्द बोलिव्हारला हा तुकडा वेगळा निघावा असं सुरुवातीला वाटत नव्हतं. या वकिलांनी काय केलं, तर नव्या देशाला त्याचंच नाव दिलं. आधी 'बोलिव्हार', मग 'बोलिव्हिया'. आता विरोध कर म्हणावं! अशिलाची बाजू कशीही असो, खटला जिंकायचा कसा ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला हे शहर आवडतं ते त्याच्या या लबाडीसकट.

खाणीतल्या वेठीबद्दल तुम्ही लिहिलंत ते योग्यच. त्यात अलीकडचंही सांगून टाकते, कारण चौकात फिरताना कोणी सांगत नाही. १८९९ च्या यादवीत चांदीवाले सुक्रेचे आणि कथिलावर वर आलेले ला पाझचे असा सामना झाला, सुक्रे हरलं आणि सरकार ला पाझला गेलं. ला पाझवाल्यांच्या बाजूने आयमारा जमातीचा पुढारी साराते विल्का आपली माणसं घेऊन लढला होता, जिंकल्यावर त्यालाच कैद केलं. ती जखम सुक्रे विसरलेलं नाही. २००७ साली नवी घटना इथेच लिहिली जात असताना 'पूर्ण राजधानी परत द्या' म्हणून आंदोलन पेटलं, तिघांचा जीव गेला. आणि २४ मे २००८ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस यांच्या समर्थक शेतकऱ्यांना, केचुआ खेडुतांना, जमावाने पकडून याच चौकात, कासा दे ला लिबेर्तादच्या समोर, अंगावरचे कपडे काढून गुडघ्यावर बसवलं. २५ मेच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी. आता २४ मे हा देशात वर्णद्वेषविरोधी दिन म्हणून पाळतात. चौक सुंदर आहे, बाकांवर म्हातारी मंडळी पेपर वाचत बसलेली असतात. हेही तिथलंच.

---

टेकडीवरचा

हे माहीत नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

---

शेवंता

इतका वेळ नुसती वाचत होते. मी हातमागावर काम करते, येवल्याच्या पैठणीवाल्यांबरोबर. सुक्रेला मी फक्त आणि फक्त कापडासाठी गेले. कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

रेकोलेताच्या बाजूला स्थानिक कलेचं संग्रहालय आहे, आसुर नावाच्या संस्थेचं. वेरोनिका सेरेसेदा आणि गाब्रिएल मार्तिनेस या मानवशास्त्रज्ञ जोडप्याने ते उभं केलं. आसपासच्या खेड्यांतलं चांगलं विणकाम विसरत चाललं होतं, जुने नग परदेशी गिऱ्हाईक उचलून नेत होतं. यांनी जुन्या कापडांचे फोटो, नमुने परत विणकरांपुढे ठेवले आणि काम पुन्हा सुरू केलं.

तिथे दोन परंपरा शेजारी शेजारी लावल्यात. ताराबुकोचं कापड शिस्तीचं. पट्ट्यांमागून पट्टे, त्यात घोडे, माणसं, नांगर, लग्न, नाच, सगळं सरळ उभं, रंग भरपूर. तिथून पुढच्या दालनात हाल्का लोकांचं अक्सु, म्हणजे बायका मागच्या बाजूला नेसतात ते वस्त्र, आणि माझे पायच थांबले. फक्त लाल आणि काळा. आणि त्यात प्राणी. पंखवाले चौपाये, दोन तोंडांचे, पोटात दुसरं जनावर, त्याच्या पोटात तिसरं. वर कुठलं, खाली कुठलं कळत नाही, एकाला पाहायला गेलं की दुसरं निसटतं. काही जागी लाल इतका काळ्याच्या जवळ जातो की आकृती बोटाने चाचपावीशी वाटते. हे खुरू, पाताळातले जीव. ते जग उखू पाचा, आणि तिथला धनी साख्रा, ज्याला पाद्री सैतान म्हणाले. विणणारी बाई आराखडा कागदावर काढत नाही. भिंतीला टेकवलेल्या तिरक्या मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावते आणि मोजत बसत नाही, निदान मला तरी मोजताना दिसली नाही.

तांत्रिक गोष्ट, ज्यांना गोडी आहे त्यांच्यासाठी: या अक्सुत नक्षी ताण्यातून निघते, बाणा, म्हणजे आडवा धागा, जवळजवळ लपलेला असतो. आपल्या पैठणीच्या पदरात बरोबर उलट, तिथे सगळी करामत बाण्याची. पण हाल्का गावांतले पुरुष अलीकडे जे भिंतीवरचे पडदे विणतात ते पैठणीसारखेच, बाण्याने रंग भरत. हे काम त्यांना या संस्थेनेच नव्याने शिकवलं. संग्रहालयात विणकर मागावर बसलेले असतात. भाषेचा पत्ता नव्हता, पण मी हाताने पदर कसा विणतात ते दाखवल्यावर बाई हसली आणि माझी बोटं धरून तिने दोन धागे उचलून दाखवले. तिचं हत्यार म्हणजे लामाच्या हाडाचा टोकदार तुकडा, वापरून गुळगुळीत झालेला.

घ्यायचं तर संस्थेच्या दुकानातूनच घ्या. महाग आहे. एका कापडाला कित्येक महिने लागतात, मग ते स्वस्त असावंच का? बाजारात मिळतात त्यातले पुष्कळसे यंत्रावरचे.

---

चिंचपेटी

शेवंता, काय लिहिलंयस गं! स्वतंत्र धागा काढ ना यावर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

उनाडगाव

+१. तो लाल-काळा प्रकार मी पाहिला आणि 'अंधारात आहे, नीट दिसत नाही' म्हणून पुढे गेलो होतो.

---

माऊली७

बरोबर मुलगा (वय वर्षे नऊ) असेल तर या गावात त्याच्यासाठी काय? ठराव आणि वकील दाखवले तर तो घरी परत यायचं म्हणेल.

---

उनाडगाव

@माऊली७, डायनोसॉर! गावाबाहेर सिमेंट कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीत काल ओर्को नावाचा कडा आहे. एक किलोमीटरहून लांब, जवळजवळ उभा, आणि त्यावर डायनोसॉरच्या पावलांचे पाच हजारांवर ठसे. वय सुमारे ६.८ कोटी वर्षं. भिंतीवर चालायचे कसे, हा प्रश्न मुलगा विचारेलच. तेव्हा तो तलावाकाठचा सपाट चिखल होता, नंतर अँडीज वर उचलला गेला तेव्हा थर उभा झाला. दुपारी हेल्मेट घालून भिंतीच्या पायथ्याशी नेतात तो गट गाठा, वरून दुर्बिणीतून बघण्यात मजा नाही. पुतळे मोठे आहेत, आवाज काढतात, मुलं खूश.

सान फेलिपे नेरीच्या मठाचं छप्परही त्याला आवडेल. त्या इमारतीत शाळा आहे, त्यामुळे शाळेच्या वेळेबाहेरच सोडतात. कौलांच्या लाटांमधून विटांच्या पायवाटेने चालता येतं, सगळं गाव खाली.

---

धोंडोपंत

पोतोसीची खाण पाहावी का? दोन मतं ऐकली.

---

उनाडगाव

मी गेलो होतो. सहकारी संस्थांचे कामगार अजून त्याच डोंगरात खणतात. त्यांच्या बाजारातून कोकाचा पाला आणि सरबताच्या बाटल्या भेट म्हणून घेऊन जायच्या, आत 'तिओ'ची, म्हणजे खाणीच्या धन्याची, शिंगवाली मूर्ती, तोंडात विडी. धूळ, उकाडा, वाकून चालणं. दमा असेल तर विषयच नको.

---

टेकडीवरचा

मी असतो तर गेलो नसतो. माणसं फुप्फुसं जाळून काम करताहेत आणि आपण फोटो काढायचे. त्यापेक्षा कासा दे ला मोनेदा, १७७३ ला पुरी झालेली टांकसाळ, बघा. चांदीच्या पट्ट्या लाटायची ती अवाढव्य लाकडी यंत्रं खालच्या मजल्यावर खेचरं फिरवायची. कुशावतींनी लिहिलेला सुरतेचा रुपया तिथे उभं राहून जास्त कळेल.

---

रानवारा

खाणीत मीही गेले नाही. पण गेलेल्यांना नावं ठेवणार नाही, त्या दौऱ्यांवर पोट असणारे जुने खाणकामगारच वाटाडे असतात.

---

कुशावती

रानवारा, संगीताचं काही? कॅथेड्रलमध्ये काही ऐकायला मिळतं का?

---

रानवारा

@कुशावती, तुम्ही बरोबर नस पकडलीत. हुआन दे आराउहो हा संगीतकार ला प्लाताच्या कॅथेड्रलमध्ये प्रमुख होता, १७१२ ला वारला. लॅटिन स्तोत्रं तर त्याने केलीच, पण सणासुदीच्या वियान्सिको नावाच्या गाण्यांत काळ्या गुलामांच्या बोलीची नक्कल, नाचाचे ताल असं सगळं आहे. ती नक्कल आज ऐकताना अवघडायला होतं, आणि ताल मात्र पायात शिरतो. कॅथेड्रलची ती हस्तलिखितं आता राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत, औदिएन्सियाच्या कागदांबरोबर. गुन्नार मेंदोसा नावाचा माणूस १९४४ पासून पन्नास वर्षं त्या दफ्तरखान्याचा संचालक होता आणि सूची करत बसला होता. आज कोणी दक्षिण अमेरिकेच्या चांदीवर, गुलामगिरीवर, संगीतावर लिहितं ते त्या सूच्यांच्या जिवावर. वाचनकक्ष संशोधकांसाठी आहे, पण इमारतीत प्रदर्शनं असतात.

कॅथेड्रलला लागून ग्वादालुपेच्या मेरीचं देऊळ आहे. ही मेक्सिकोची नव्हे, स्पेनमधल्या एस्त्रेमादुराची. दिएगो दे ओकान्या या भिक्षूने सतराव्या शतकाच्या तोंडावर तिचं चित्र काढलं, पुढे भक्तांनी त्यावर इतके मोती, पाचू, दागिने चढवले की चेहरा आणि हात तेवढे चित्राचे उरलेत. तिचा उत्सव ८ सप्टेंबरचा, त्या महिन्यात रस्त्यावर दिवसभर नाचाच्या मिरवणुका. संगीत हवं तर तेव्हा जा.

---

धोंडोपंत

आणि ताराबुकोचा रविवारचा बाजार? एक दिवस काढण्यासारखा आहे का?

---

शेवंता

मार्चमध्ये असाल तर काहीही करून. पुख्याय नावाचा उत्सव असतो, १२ मार्च १८१६ च्या हुंबातेच्या लढाईची आठवण. यांपारा लोकांनी स्पॅनिश तुकडी कापून काढली होती. शिडीसारखा उंच मांडव उभारतात, त्यावर पाव, फळं, भाज्या, मांस लटकवलेलं, आणि त्याभोवती पुरुष गोल धरून नाचतात. पायात जाड लाकडी तळाच्या वहाणा, त्यांना लोखंडी आऱ्या, प्रत्येक पावलाला खणखणाट. डोक्यावर स्पॅनिश शिरस्त्राणाच्या घाटाची चामड्याची टोपी. २०१४ पासून हे युनेस्कोच्या यादीत आहे. चौकात पुतळा आहे, स्पॅनिश शिपायाचं काळीज हातात धरलेला यांपारा. नऊ वर्षांच्या मुलाला आधी कल्पना द्या.

एरवीच्या रविवारी बाजार आता बराचसा आमच्यासारख्यांसाठी भरतो. पण मागच्या गल्ल्यांत बी-बियाणं, दोर, टायरच्या चपला यांचा खेडुतांचा बाजार भरतो, तिथे शिरा.

---

उनाडगाव

@धोंडोपंत, सकाळी लवकरच्या गाडीने निघा, साठ-पासष्ट किलोमीटर आहे, दुपारनंतर बाजार उठतो. आणि सुक्रेतलं वेळापत्रक त्याच हिशेबाने लावा. बारा ते अडीच संग्रहालयं, दुकानं, कचेऱ्या सगळं बंद, माणसं घरी जेवायला जातात. सोमवारी काय उघडं असतं ते आदल्या दिवशी हॉटेलात विचारून ठेवा.

---

अर्धवटराव

बारा ते अडीच बंद? एक ते चारच्या पुणेकरांना घरीच आल्यासारखं वाटेल. तिकीट बघतो.